आठाचे सहा कधी झाले?

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज एखादा मुलगा अथवा मुलगी संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या उद्योगात आहे. इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद असो, प्रकार एकच. मूल दिवसभर पडद्यासमोर बसलेले दिसते, पगार वेळेवर होतो, आणि ते नेमके काय करते असे शेजाऱ्यांनी विचारले तर वडीलधाऱ्यांस उत्तर सुचत नाही. आम्हांसही सुचत नव्हते. गेल्या कार्तिकात मनावरास चार दिवस राहण्याचा योग आला आणि त्या उद्योगातील एक लहानशी बाब आम्हांस नीट समजली. बाब लहान खरी, परंतु तिच्यापायी सतरा शेतकऱ्यांच्या पैशांचा प्रश्न उभा राहिला होता. म्हणून ती येथे सविस्तर सांगतो.

मनावर हे धार जिल्ह्यातील तहसिलीचे गाव, मान नदीच्या काठचे. ही नदी पुढे नर्मदेस मिळते. विंध्याचा घाट उतरून निमाडात आले की हवा बदलते, माती काळी होते आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस कापूस दिसू लागतो. आमची थोरली चुलतबहीण पन्नासएक वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावी आली आणि येथलीच झाली. सारी आळी तिला ताई म्हणते, तसेच आम्हीही म्हणतो. तिच्या बोलण्यात आता निमाडीचे शब्द इतके मिसळले आहेत की पुण्याकडचा पाहुणा आला तर त्यास दर दोन वाक्यांनी थांबावे लागते. तिचा नातू इंदुरास शिकला आणि तेथेच प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीस लागला. गावातील एका जिनिंगवाल्याच्या आग्रहावरून त्याने त्यांच्यासाठी पावत्यांचा एक प्रोग्राम रिकाम्या वेळात लिहून दिला होता. जिनिंगचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही.

कापसाच्या खरेदीत वजनाइतकाच ओलावा महत्त्वाचा असतो. ओला कापूस जड भरतो, आणि पाण्याचे पैसे कोणी देत नाही. कॉटन कॉर्पोरेशन आधारभूत किमतीने खरेदी करते तेव्हा ८ टक्के ओलावा मूळ धरते. त्याहून जितका अधिक निघेल तितक्या टक्क्यांनी पैसे कापले जातात, आणि १२ टक्क्यांच्या पुढचा माल घेतला जात नाही. या जिनिंगमध्येही हाच आठ मूळ धरीत. समजा दर ७,००० रुपये क्विंटल आहे आणि शेतकऱ्याने दहा क्विंटल कापूस आणला. सत्तर हजारांचा माल झाला. ओलावा दहा निघाला तर दोन टक्के, म्हणजे १,४०० रुपये काट बसते. आठ निघाला तर काट नाही. हा हिशेब निमाडातल्या निरक्षर शेतकऱ्यासही तोंडपाठ असतो.

आता प्रोग्रामकडे वळू. ज्या पद्धतीने आज बहुतेक प्रोग्राम लिहिले जातात तिचे बीज नॉर्वेत पडले. ओस्लो येथील ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा रचली. पुढे २००१ सालचा ट्यूरिंग पुरस्कार त्यांस याच कामाबद्दल मिळाला, आणि २००२च्या उन्हाळ्यात सुमारे दीड महिन्याच्या अंतराने दोघेही निवर्तले. त्यांच्या रचनेचे सूत्र असे, की ज्या जगाचा हिशेब ठेवायचा त्या जगातील वस्तूच प्रोग्राममध्ये उभ्या कराव्यात. पावत्यांचा हिशेब असेल तर 'पावती' नावाचा एक वर्ग लिहावा, ज्यास ही मंडळी क्लास म्हणतात. पावती म्हणजे काय, तिच्यावर काय काय असते आणि तिच्याकडून कोणती कामे करून घेता येतात, हे त्या वर्गात एकदाच लिहिलेले असते. मग शेतकरी काट्यावर आला की त्या वर्गावरून एक प्रत्यक्ष पावती निर्माण होते. तिला ऑब्जेक्ट म्हणतात. दिवसभरात शंभर शेतकरी आले तर शंभर ऑब्जेक्ट, आणि वर्ग मात्र एकच.

शेतकऱ्याचे नाव, वजन, निघालेला ओलावा ही प्रत्येक पावतीची आपापली माहिती. परंतु मूळ ओलावा आठ हा काही कोणा एका पावतीचा नव्हे. तो सर्वांचा आहे. तो शंभर ठिकाणी लिहून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून तो वर्गाच्या पातळीवर एकदाच लिहितात आणि सर्व पावत्या तेथे पाहून हिशेब करतात. काट्याच्या वर भिंतीवर एक पाटी टांगली आहे, तिच्यावर '८' लिहिले आहे, आणि प्रत्येक पावती मान वर करून ती पाटी वाचते, असे चित्र वाचकांनी मनात धरावे. पुढील सर्व भानगड या पाटीची आहे.

घडले ते असे. एका व्यापाऱ्याशी जिनिंगचा निराळा करार होता. त्याच्या मालाला मूळ ओलावा सहा धरायचा होता. नातवाने त्यासाठी प्रोग्राममध्ये एक लहानशी क्रिया लिहिली होती. पाटीवरचा आठ पुसून सहा लिहायचा, व्यापाऱ्याची पावती छापायची, आणि मग सहा पुसून पुन्हा आठ लिहायचा. तीन ओळींचे काम. दोन महिने ते बिनबोभाट चालले. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पहिली ओळ झाली, दुसऱ्या ओळीस छपाईयंत्रात कागद अडकला, पडद्यावर चुकीची सूचना आली, आणि प्रोग्रामच्या रिवाजाप्रमाणे ती क्रिया तेथेच सोडून देण्यात आली. तिसरी ओळ कधी वाचलीच गेली नाही. मुनीमजींनी कागद सरळ केला, व्यापाऱ्याची पावती हाताने लिहून दिली आणि पुढच्या ट्रॉलीला हाक मारली. पाटीवर सहा तसाच राहिला.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्यास दोन टक्के अधिक काट बसली. सत्तर हजारांच्या मालावर १,४०० रुपये. यंत्रातून छापून आलेल्या कागदावर सहसा कोणी संशय घेत नाही, आणि एकूण आकडा नीट मांडलेला असला की मनुष्य तो घेऊन घरी जातो. सतरा जण असे गेले. अठरावा म्हातारा होता. त्याचा कापूस आठावर उतरला होता आणि काट लागली होती. त्याने पावती मुनीमजींपुढे ठेवली आणि विचारले, "आठ पर काट कब से, भैया?" मुनीमजींनी यंत्राकडे बोट दाखविले. म्हातारा हलला नाही. मग पाटीचा शोध लागला.

आम्ही पोहोचलो तो या प्रकारानंतरचा रविवार होता. नातू इंदुराहून आला होता आणि ताई त्याच्याशी बोलत नव्हती. जेवणे झाल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला.

"आजोबा, चूक माझीच आहे. पण मी ती आता पक्की बंद केली आहे."

"कशी, ते सांग," आम्ही म्हटले. पुढचे दोन तास ओटीवर जे चालले ते ऐकून ताईनेही शेवटी आपला अबोला सोडला. तिचा एक प्रश्न तर आमच्या सर्व प्रश्नांहून नेमका होता. तो पुढे येईल.

प्रोग्राम पायथन या भाषेत लिहिला होता. हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा रचली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. आज शाळांपासून वेधशाळांपर्यंत तिचा संचार आहे. २००८ साली तिची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हापासून प्रोग्राममधील नावे देवनागरीतही ठेवता येतात. नातवाने वर्गाचे नाव खरोखरच 'पावती' असे ठेवले होते, हे पाहून आम्हांस बरे वाटले. एक गंमत मात्र त्याने सांगितली. जो आकडा बदलायचा नाही त्याचे नाव रोमन लिपीत सर्व मोठ्या अक्षरांत लिहावे असा पायथनवाल्यांचा संकेत आहे. आपल्या लिपीत अक्षरांत थोरली-धाकटी पाती नाही, त्यामुळे देवनागरी नावास ती खूण करताच येत नाही! अर्थात रोमन लिपीत केली तरी तो केवळ संकेत आहे. भाषा तो पाळावयास लावत नाही. पायथनच्या रचनाकारांचा स्वभावच असा, की लिहिणारा जाणता मनुष्य आहे असे समजून दारे मोकळी ठेवायची. जावा ही भाषा सन कंपनीने १९९५ साली पुढे आणली, तिचा स्वभाव याउलट. तेथे वर्गाच्या आकड्यामागे 'स्टॅटिक फायनल' असे दोन शब्द लिहिले की तो पुन्हा बदलणारी ओळ असलेला प्रोग्राम उभाच राहत नाही. तो चालविण्यापूर्वीच भाषा नाकारते. 'मग ती भाषा का घेतली नाहीस?' असे आम्ही विचारले. त्यावर तो हसला. जी भाषा येते तीत मनुष्य लिहितो, हे आम्हांस कळावयास हवे होते.

त्याने केलेली दुरुस्ती अशी होती. पायथनमध्ये प्रॉपर्टी नावाची एक सोय आहे. ती २००१च्या अखेरीस आली. साधा आकडा ठेवण्याऐवजी त्या जागी एक पहारेकरी बसवायचा. कोणी आकडा विचारला तर पहारेकरी आठ सांगतो. कोणी बदलू पाहिला आणि पहारेकऱ्यास बदलण्याची परवानगीच दिलेली नसली, तर तो चुकीची सूचना देऊन काम थांबवितो. नातवाने आमच्यासमोर एक पावती तयार केली आणि तिच्यामार्फत मूळ ओलावा सहा करून पाहिला. प्रोग्रामने साफ नकार दिला.

"लागले कुलूप," तो म्हणाला.

तेव्हा ताईने विचारले, "पण त्या दिवशी सहा कोणी लिहिले होते? पावतीने, की वर्गाने?"

नातू गप्प झाला. प्रश्न अगदी मर्मावर होता. त्या दिवशीची ती ओळ कोणा एका पावतीमार्फत नव्हती. 'पावती' या वर्गाचे नाव घेऊन थेट पाटीवर लिहिणारी होती. त्याने ती ओळ पुन्हा चालवून पाहिली. नकार आला नाही. सहा बसला. एवढेच नव्हे, तर मघाचा पहारेकरीही नाहीसा झाला, कारण ज्या जागी सहा लिहिला गेला त्याच जागी तो बसला होता. आता कोणत्याही पावतीमार्फत काहीही लिहिता येऊ लागले.

येथे थोडे थांबून पायथनमधील लिहिण्याचा नियम सांगणे अवश्य आहे, नाहीतर पुढचे समजणार नाही. एखाद्या पावतीमार्फत तुम्ही आकडा वाचता तेव्हा ती प्रथम स्वतःजवळ पाहते. स्वतःजवळ नसला तर वर पाटीकडे पाहते. परंतु पावतीमार्फत आकडा लिहिता तेव्हा, पहारेकरी नसेल तर, तो पाटीवर जात नाही. तो त्या पावतीच्या स्वतःच्या अंगावर लिहिला जातो, आणि पुढे त्या पावतीपुरती पाटी झाकली जाते. बाकीच्यांस काही फरक पडत नाही. उलट वर्गाच्या नावाने लिहिले की पाटीच बदलते आणि सर्वांचा हिशेब फिरतो. दोन्ही ओळी कागदावर जवळजवळ सारख्या दिसतात.

देवासच्या वाचकांस हे समजावण्यास अडचण पडू नये. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे बंधू १७२८ साली बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आले आणि त्यांच्या वंशजांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. १८४१नंतर त्यांचा कारभार निराळा झाला. राजधानीचे गाव मात्र एकच राहिले. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची आणि दुसरी बाजू दुसरीची. पाण्याची व दिव्यांची व्यवस्थासुद्धा दोहोंकडे वेगवेगळी. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत हे चालले. रस्ता सामायिक आणि दिवे आपापले. एका पातीने आपला दिवा बदलला तर समोरच्या बाजूस अंधार पडत नाही, परंतु कोणी रस्ताच उकरला तर दोघांचीही गाडी अडते. कोणती वस्तू सामायिक आणि कोणती आपापली, हे देवासकरांस पावलोपावली लक्षात ठेवावे लागले असेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यासही तेच लक्षात ठेवावे लागते.

मूळ प्रश्नाकडे वळू. वर्गात बसविलेला पहारेकरी त्या वर्गाच्या पावत्यांवर नजर ठेवतो. खुद्द वर्गावर त्याची सत्ता चालत नाही. मग वर्गावर कोणी नजर ठेवावी? याचे उत्तर आम्हांस ऐकताना प्रथम शब्दच्छल वाटले, नंतर पटले. पावती ज्याप्रमाणे 'पावती' या वर्गावरून तयार होते, त्याप्रमाणे 'पावती' हा वर्गही प्रोग्राम चालू असताना एक ऑब्जेक्टच असतो, आणि तो आणखी वरच्या एका वर्गावरून तयार होतो. त्या वरच्या वर्गास मेटाक्लास म्हणतात. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत तयार झालेल्या स्मॉलटॉक-८० या भाषेत प्रत्येक वर्गास आपापला मेटाक्लास असे. पायथनमध्येही तो आहे. नेहमीच्या कामात तो दिसत नाही आणि त्याची गरजही भासत नाही. पाटीवर काही लिहिले जाते तेव्हा प्रत्यक्षात या मेटाक्लासला विचारूनच लिहिले जाते. एरवी तो प्रत्येक वेळी होकार देतो. त्याच्या जागी आपण स्वतःचा मेटाक्लास लिहावा आणि त्यात सांगावे, की अमुक नावांना हात लावू देऊ नकोस. म्हणजे पहारा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला.

नातवाने तसे लिहिले. दहा-बारा ओळी झाल्या. मग पुन्हा ती जुनी ओळ चालविली. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, आणि ती त्याने मराठीत लिहिली होती: 'मूळ ओलावा बदलता येत नाही.' ताईने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

अशी योजना पायथनच्या स्वतःच्या सामानातही आहे. एनम नावाची सोय २०१४च्या ३.४ आवृत्तीत आली. आठवड्याचे वार किंवा दिव्यांचे रंग यांसारखी ठरलेली नावे तिच्यात ठेवतात, आणि त्यांपैकी एखादे पुन्हा लिहू गेल्यास तिचा मेटाक्लास नकार देतो. २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून नावासमोर 'फायनल' असेही लिहिता येते. जावातील शब्दाचा भास होतो, परंतु पायथन चालताना त्याकडे पाहत नाही; तपासणीची निराळी साधने ते वाचून लिहिणाऱ्यास आधी सावध करतात. नातवास हे ठाऊक होते, आणि त्या शब्दावर विसंबून तो बेसावध राहिला असता असे त्याने प्रांजळपणे कबूल केले.

यानंतर कुलपाच्या आणखी वाटा निघाल्या. पहिली वाट पोटवर्गाची. 'पावती'वरून कोणी 'व्यापारी पावती' असा पोटवर्ग लिहिला आणि त्याच्या मजकुरातच मूळ ओलावा सहा असे लिहिले, तर मेटाक्लासचा तो पहारा त्यास अडवीत नाही. कारण येथे जुनी पाटी पुसली जात नाही. नवीन खिडकीवर नवीन पाटी लागते. ते अडवायचे असेल तर पोटवर्ग जन्मास येतानाच तपासणी करावी लागते, आणि तशी सोय पायथनमध्ये आहे. दुसरी वाट पुसण्याची. बदलण्यास बंदी केली तरी नावच खोडून टाकण्याची क्रिया निराळी असते. तिलाही बंदी लिहावी लागते. नातू ती विसरला होता. तिसरी वाट जाणूनबुजून येणाऱ्याची. ज्याला मेटाक्लासच्याही वर जाऊन भाषेच्या मूळ क्रियेस थेट हाक मारता येते, त्याच्यापुढे हा पहारा टिकत नाही. त्याचे आम्हांस फारसे वाईट वाटले नाही. विसराळू हातांसाठी लावलेले कुलूप आणि दरवडेखोरासाठी लावलेले कुलूप या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि त्या अकरा वाजता जिनिंगवर कोणी दरवडेखोर आला नव्हता.

चौथी वाट आम्हांस सर्वांत मननीय वाटली. समजा पाटीवर एक आकडा नसून अनेक आकड्यांची यादी आहे. आठाची काट, नवाची काट, दहाची काट अशी. मेटाक्लास यादी काढून दुसरी यादी लावू देणार नाही. परंतु यादी तीच ठेवून तिच्यातली एक ओळ बदलली, तर पाटी बदलली असे त्यास वाटतच नाही. जावातील 'फायनल'चेही असेच आहे. डबा बदलता येत नाही, डब्यातले बदलता येते. म्हणून यादीऐवजी जिच्यातले बदलताच येत नाही अशी रचना वापरावी लागते. पायथनमध्ये तिला टपल म्हणतात.

याचे एक मोठे उदाहरण माप-तोलाच्या इतिहासात आहे. सबंध जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा गोल ठोकळा, असे १८८९पासून ठरलेले होते. तिजोरीस तीन किल्ल्या, त्या निरनिराळ्या व्यक्तींकडे. आत ठोकळ्यावर काचेच्या हंड्या. त्याच्या प्रती देशोदेशी दिलेल्या. आपल्या देशाची प्रत क्रमांक ५७ ची, ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. ठोकळा कोणी बदलू शकत नव्हते. परंतु शतकभराने मूळ आणि प्रती पुन्हा ताडून पाहिल्या तेव्हा त्यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. डबा तोच होता. आतले सरकले होते. शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून करण्यात आली आणि त्या ठोकळ्याची जबाबदारी संपली. मनावरच्या काट्यावर या ५० मायक्रोग्रॅमने काही होत नाही, हे उघड आहे. सेव्रच्या मानाने आमचे दोन टक्के फारच ढोबळ होते.

एवढे झाल्यावर आम्ही नातवास एक शंका विचारली. तिसरी ओळ काहीही झाले तरी वाचली जावी अशी व्यवस्था भाषेत नाही काय? त्याने सांगितले की आहे. तिला 'फायनली' म्हणतात, आणि कागद अडकला तरी ती आठ परत लिहिल्यावाचून राहत नाही. मग मेटाक्लासचा एवढा खटाटोप कशाला? यावर त्याने जे उत्तर दिले ते आमच्या मते या प्रकरणाचे खरे उत्तर होते. जिनिंगवर पुढील हंगामापासून दोन काटे बसणार आहेत आणि एकाच प्रोग्रामवर दोन मुनीम काम करणार आहेत. पहिल्या काट्यावर व्यापाऱ्याची पावती छापली जात असताना, त्या चार-पाच सेकंदांत, पाटीवर सहा असणार; तेवढ्यात दुसऱ्या काट्यावर एखाद्या शेतकऱ्याची पावती झाली तर तिच्यावर सहाची काट लागणार. आठ लगेच परत येईल आणि काय झाले ते कोणास कळणारही नाही. कागद अडकल्यामुळे निदान चूक उघडकीस तरी आली.

तेव्हा पाटी पुसून परत लिहिण्याची चालच मुळात वाईट. व्यापाऱ्याचा सहा हा सर्वांचा आकडा कधी नव्हताच. तो त्या एका पावतीचा होता, आणि तो तिच्याच अंगावर लिहावयास हवा होता. नातवाने त्या रात्री ती तीन ओळींची क्रिया काढून टाकली. आता पावती निर्माण होतानाच तिचा मूळ ओलावा तिला दिला जातो. काही न दिल्यास ती पाटीवरचा आठ उतरवून घेते, आणि एकदा घेतला की तो तिचा होतो. पाटीवर मेटाक्लासचा पहारा, पावतीवर प्रॉपर्टीचा पहारा. पूर्वी पावती दर वेळी वर पाहून हिशेब करी. त्यामुळे उद्या नियम बदलून मूळ ओलावा नऊ झाला असता तर जुन्या पावत्या पुन्हा छापताना त्यांवरही नऊ आला असता. हा दोष कोणाच्या लक्षातही आला नव्हता. तो आपोआप गेला.

ताईने झोपण्यापूर्वी एकच सुधारणा सुचविली, ती म्हणजे मूळ ओलावा पावतीवर ठसठशीत छापावा. 'मूळ ८, निघाला १०, काट २' असे. म्हणजे ज्याला वाचता येते तो वाचील आणि ज्याला येत नाही तो विचारील. पूर्वी पावतीवर केवळ काटेची रक्कम येई. नातवाने ते दुसऱ्या दिवशी सकाळी केले. त्यास पाच मिनिटे लागली.

पैशांचे सांगावयाचे राहिले. जिनिंगच्या मालकांनी खळखळ न करता सतरा जणांची यादी काढली आणि प्रत्येकाची रक्कम निराळ्या पाकिटात घालून ठेवली. पुढच्या हाटाच्या दिवशी निरोप गेले आणि चौदा जण येऊन घेऊन गेले. दोघांचे पैसे त्यांच्या गावचा ट्रॅक्टरवाला सही करून घेऊन गेला. आम्ही निघालो तोवर एकाचे पाकीट मुनीमजींच्या गल्ल्यात होते. त्याने कापूस विकून मुलीकडे महेश्वरास प्रयाण केले होते आणि तो संक्रांतीनंतर परतणार असे कळले होते. नातवाने त्या पाकिटावर त्याची जुनी आणि नवी, अशा दोन्ही पावत्या टाचून ठेवल्या होत्या.